शेवटची बॅच

"बाई, निष्कर्ष आम्ही काढून ठेवलाय. तुम्ही फक्त त्याला आकडे जोडून द्या," घाटपांडे सर म्हणाले आणि टाइप केलेले दोन कागद त्यांनी माझ्याकडे सरकवले.

घाटपांडे सर एका इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य. कॉलेज पुण्याच्या कडेला, कालपरवापर्यंत ऊस असलेल्या जमिनीवर उभं राहिलेलं. मी विद्यापीठाच्या एका संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ होते. आधी निष्कर्ष आणि मग आकडे ही पद्धत मला नवीन नव्हती. लग्न ठरवून मग पत्रिका जुळवणारे आपल्याकडे थोडे नाहीत. पण जुळवणारा गुरुजी म्हणून मला बोलावलंय, हे इतकं सरळ तोंडावर कोणी सांगितलं नव्हतं.

कागदावर असं लिहिलं होतं: गेली दोन वर्षं पहिल्या वर्षाचा निकाल घसरतोय. कारण, विदर्भ-मराठवाड्यातून येणारी मराठी माध्यमाची मुलं. उपाय, अशा मुलांची स्वतंत्र तुकडी. तुकडीला नावही ठरलं होतं, 'विशेष मार्गदर्शन तुकडी'.

"यात वाईट काय आहे?" माझा चेहरा बघून सरांनी विचारलं. "त्यांच्या भल्यासाठीच करतोय. हळू शिकवू, मराठीत समजावून सांगू."

"वाईट काही नाही. खरं आहे की नाही तेवढं बघते."

"किती वेळ लागेल?"

"खरं असेल तर लवकर होईल. नसेल तर तुम्हाला पटवण्यात वेळ जाईल."

सर हसले नाहीत. मी शनिवार पेठेत वाढले आहे, त्यामुळे समोरचा हसला नाही तरी माझं काही अडत नाही.

सरांना घाई होती, आणि तिचं कारणही होतं. तेव्हा हिंजवडीत एकामागून एक कंपन्यांच्या पाट्या लागत होत्या. या कंपन्या कॉलेजात येऊन मुलांना शेवटच्या वर्षातच नोकऱ्या देत. पण त्यांची अट असे की एकही विषय राहिलेला चालणार नाही. राहिलेल्या विषयाला मुलं बॅकलॉग म्हणतात. थोडे विषय राहिले तर पुढच्या वर्षात जाता येतं, त्याला एटीकेटी म्हणतात. जास्त राहिले की वर्ष गेलं, म्हणजे 'वायडी', इयर डाउन. पहिल्या वर्षी वायडी लागलेली मुलं बऱ्याचदा कॉलेजच सोडून जातात. तेव्हा प्रश्न निकालाचा होता, कॉलेजच्या नावाचाही होता.

आमचं काम काय, हे थोडक्यात सांगते. विद्यार्थी का टिकतो आणि का गळतो, याचा अभ्यास विद्यापीठं दोन बाजूंनी करतात. एक बाजू मार्कांची. ती ऑफिसात तयार असते. दुसरी बाजू अनुभवाची, म्हणजे वर्गात काय होतं, कोणाशी बोलावंसं वाटतं, कुठे अडलं की कोण सोडवतं. ही कुठेच तयार नसते, ती विचारावी लागते. आणि विचारायची कशी, यातच आमचं निम्मं कौशल्य जातं.

कॉलेजने ते माझ्याआधी स्वतःच विचारून बघितलं होतं. फॉर्म वाटले होते. वाटणारे होते वर्गाचे शिक्षक, गोळा करणारेही तेच. सगळ्या मुलांनी सगळ्या शिक्षकांना 'उत्कृष्ट' दिलं होतं. एका शिक्षकांनी त्या टर्मला रजा घेतली होती, तेही उत्कृष्ट होते. मी ते गठ्ठे बाजूला ठेवले आणि मार्कांपासून सुरुवात केली.

मार्कांनी पहिल्या दिवशी सरांचीच बाजू घेतली. नापास होणारी मुलं खरोखरच जास्त करून लांबची होती. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, हिंगोली. बरीचशी मराठी माध्यमाची. सर म्हणाले, "झालं तर मग. मी काय म्हणत होतो?"

"अहो सर, ज्या घरात औषधं जास्त, त्या घरात आजारी माणसं जास्त असतात. म्हणून कोणी औषधं फेकून देत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन गोष्टी बरोबर चालताना दिसल्या, तर पहिलीमुळे दुसरी झाली असंच नसतं. तिसरं काहीतरी दोघींना ओढत असेल. ते शोधू द्या."

"शोधा. पण संस्थेच्या बैठकीत हा विषय यायचाय. त्याआधी शोधा."

मग मी मुलांना गटागटाने बोलवायला सुरुवात केली. जागा म्हणून कँटीनच्या मागची खोली मागून घेतली, कारण तिथे शिक्षक चहा प्यायला येत नाहीत. चहा माझ्याकडून. नाव लिहायचं नाही, टेप लावायचा नाही. पुण्याची मुलं आली, ती भडाभडा बोलली. बस उशिरा येते, कँटीनचा वडापाव तेलकट आहे, ड्रॉइंगचे सर चिडके आहेत. मला त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं, पण ऐकून घेतलं. लांबची मुलं आली ती ओळीने बसली आणि सगळं छान आहे म्हणाली. चहा संपला तशी उठून गेली.

एक मुलगी मागे राहिली. कप गोळा करून ट्रेमध्ये ठेवत होती. मी म्हटलं, "राहू दे गं, ते नेतील."

"मॅडम, एक विचारू? ती वेगळी तुकडी होणार आहे ती पक्कीच आहे का?"

तिचं नाव प्रणाली मेश्राम. वणीची. वडील वीज मंडळात लाइनमन. दहावीला शाळेत पहिली आलेली, बारावीला तालुक्यात नाव झालेलं. इथे पहिल्या टर्मला तिचे इतके विषय राहिले होते की दुसऱ्या टर्मला ते निघाले नसते तर वायडी नक्की होती.

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"सगळ्यायले माहीत आहे, मॅडम. तशी झाली तर मी जाते घरी. बाबांनी डी.एड.चं विचारून ठेवलं आहे वणीला. मी म्हटलं त्यायले, थांबा. पण ढ मुलांच्या वर्गात बसाले मी एवढ्या दूर नाही आली."

तिने हे रडत सांगितलं असतं तर मी दोन शब्द बोलून मोकळी झाले असते. पण ती रडली नाही. रागात होती, आणि राग बरोबर होता. मला त्या मुलीबद्दल एकदम आपलेपणा वाटला. आमच्या धंद्यात हे चालत नाही, तरी वाटला.

"भाषेची अडचण होते का? इंग्रजीची?" मी विचारलं.

"पहिले होत होती. आता समजते. पण मॅडम, समजलं नाही तर विचारायचं कोणाले? आमच्या बॅचमधे कोणालेच काही येत नाही."

"कुठली बॅच तुझी?"

"डी-फोर."

हे लक्षात येण्यासाठी बॅच म्हणजे काय ते सांगायला हवं. इंजिनिअरिंगच्या वर्गात मुलं खूप असतात. लेक्चरला सगळी एकत्र बसतात, पण प्रॅक्टिकल आणि ड्रॉइंगला वर्गाचे चार तुकडे करतात. तो प्रत्येक तुकडा म्हणजे एक बॅच. मुलांची खरी ओळख होते ती बॅचमध्ये. लेक्चरला शेजारी कोण बसेल याचा नेम नसतो, पण बॅचमधली मुलं वर्षभर एकाच टेबलाशी उभी असतात. फायली एकमेकांच्या बघून पुऱ्या होतात, शंका एकमेकांना विचारल्या जातात, डबाही तिथेच उघडतो. 'डी' ही कॉलेजची शेवटची डिव्हिजन होती आणि डी-फोर ही तिची शेवटची बॅच.

डी-फोरचं ड्रॉइंग शनिवारी दुपारी असे. मी त्या शनिवारी जाऊन हॉलच्या मागच्या बाकावर बसले. शिक्षकांनी फळ्यावर एक आकृती काढली, दोन वाक्यं सांगितली आणि खुर्चीत बसले. त्यांचा तो आठवड्याचा शेवटचा तास होता आणि ते दमले होते हे दिसत होतं. मुलांनी कागद लावले, पेन्सिली काढल्या आणि एकमेकांकडे बघत बसली. एकाने रेघ मारली. बाकीच्यांनी ती चोरून पाहिली आणि तशीच मारली. रेघ चुकली होती. मग सगळ्यांनी खोडली.

त्याआधी मी पहिल्या डिव्हिजनच्या पहिल्या बॅचचा तासही पाहिला होता. तिथे गोंगाट होता. एक मुलगी दुसरीला "अगं गाढवे, हा टॉप व्ह्यू आहे" म्हणून ओरडत होती. एकाच्या मोठ्या भावाच्या जुन्या शीट्स सगळ्या बॅचमध्ये फिरत होत्या. मुलं त्या काचेवर ठेवून, खालून दिवा लावून गिरवतात. याला ती 'जीटी मारणं' म्हणतात, ग्लास ट्रेसिंग. शिक्षकांना हा प्रकार अजिबात आवडत नाही आणि कागदावर मलाही आवडत नाही. पण गिरवण्यासाठीसुद्धा कोणाची तरी शीट पुरी झालेली असावी लागते. डी-फोरमध्ये तीही नव्हती, कारण कोणाचा मोठा भाऊ पुण्यात शिकलेला नव्हता.

तास संपल्यावर एक उंच मुलगा माझ्याजवळ आला. "मॅडम, तुम्ही इन्स्पेक्शनला आलाय का?"

"नाही. तू कुठला?"

"खडकी. डॅड फॅक्टरीत आहेत, आम्ही क्वार्टर्समध्ये राहतो."

मी सावरून बसले. खडकीचा मुलगा डी-फोरमध्ये काय करत होता? त्याचं नाव अनिकेत साळवी. शाळा इंग्रजी माध्यमाची, कँटोन्मेंटमधली. त्याला सैन्यात जायचं होतं. तिथल्या मेडिकलमध्ये डोळ्यांवरून अडलं आणि तोपर्यंत इथले प्रवेश संपत आले होते. सगळ्यात शेवटी रिकामी राहिलेली जागा त्याला मिळाली.

"पहिल्या टर्मला किती राहिले?" मी विचारलं.

त्याने मान खाली घालून सांगितलं. प्रणालीइतकेच राहिले होते.

"वा!" मी म्हणाले.

"मॅडम, सिरियसली? माझी वाट लागलीये आणि तुम्ही वा म्हणताय?"

मी त्याची माफी मागितली आणि त्याला सामोसा खायला घातला. पण खरं सांगायचं तर मला त्या मुलाचे पाय धरावेसे वाटत होते. पुण्याचा, इंग्रजी माध्यमाचा, घरून डबा आणणारा मुलगा डी-फोरमध्ये बसला आणि डी-फोरसारखाच नापास झाला. इथे इंग्रजीला किंवा यवतमाळला दोष देता येत नव्हता.

एक मुलगा म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळत होतं. मी परत मार्कांकडे गेले. या वेळी गाव आणि माध्यम बाजूला ठेवलं आणि बॅचप्रमाणे बघितलं. उशिरा प्रवेश घेऊन शेवटच्या बॅचला आलेली पुण्याची मुलं शोधली. थोडीच होती, पण त्यांची गत अनिकेतसारखीच होती. मग उलट बाजू पाहिली. लांबून आलेली, पण पहिल्याच फेरीत प्रवेश मिळून पहिल्या बॅचला बसलेली मुलं. ती सुरुवातीला अडखळली होती, पण टर्म संपेपर्यंत बाकीच्यांत मिसळून गेली होती. त्यांच्यात नांदेडचा मराठी माध्यमाचा एक मुलगा होता, तो तर बॅचमध्ये पहिला आला होता.

आता एकच प्रश्न राहिला. निकाल दोनच वर्षं का घसरला होता? लांबची मुलं तर आधीपासून येत होती.

मी घाटपांडे सरांकडे गेले. "सर, तुमच्याकडे रोल नंबर कसे देतात?"

सरांचा चेहरा खुलला. "कॉम्प्युटर देतो. प्रवेशाचं सगळं काम आम्ही कॉम्प्युटरवर आणलंय. पोरगं फी भरतं, पावती फाटते, पावतीच्या क्रमाने रोल नंबर. माणसाचा हात लागत नाही."

"आणि आधी?"

"आधी आडनावाप्रमाणे. आगाशे, आवटे असं. क्लार्क आठवडाभर बसायचे."

"कॉम्प्युटर कधी आला?"

"दोन वर्षं झाली की," सर म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. हुशार माणूस होता. मला पुढचं सांगावं लागलं नाही, तरी मी सांगितलं, कारण अशा गोष्टी एकदा मोठ्याने बोललेल्या बऱ्या.

पूर्वी आडनावाप्रमाणे मुलं बसायची, त्यामुळे मेश्राम मुळ्यांच्या शेजारी आणि साळवी सानेंच्या शेजारी. प्रत्येक बॅचमध्ये दोनचार पुण्याची, दोनचार लांबची, एखाद्याचा भाऊ आधी शिकून गेलेला. कॉम्प्युटर आल्यावर जो आधी आला तो आधी बसला. लांबच्या मुलांना प्रवेश मिळतो शेवटच्या फेरीत, कारण आपल्या भागातल्या कॉलेजची वाट बघून बघून ती इकडे येतात. तोवर इथली शिकवणी सुरू झालेली असते. अशी सगळी मुलं शेवटच्या बॅचमध्ये एकत्र गोळा झाली. त्यांचं प्रॅक्टिकल आठवड्याच्या शेवटी. त्यांची ओरल, म्हणजे तोंडी परीक्षा, दिवसाच्या शेवटी. बाहेरून आलेला परीक्षक तोवर घड्याळ बघत असतो. दोन प्रश्न विचारतो, आले तर पास.

"तुमची स्वतंत्र तुकडी दोन वर्षांपूर्वीच झालीये, सर," मी म्हणाले. "फक्त तिला नाव दिलेलं नाही."

सर उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "ते सॉफ्टवेअर मी आणलं. संस्थेशी भांडून आणलं."

त्यांनी हे इतक्या साधेपणाने म्हटलं की माझ्या जिभेवर आलेलं वाक्य मी गिळलं. "सॉफ्टवेअर चांगलं आहे, सर. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. आता दुसरं सांगू. बॅचेस मोडून सरमिसळ करा, आणि ओरलला शेवटच्या रोल नंबरपासून सुरुवात करा."

"टर्म सुरू झालीय. टाइमटेबल छापलंय."

"नवीन छापा."

"पहिल्या बॅचचे शिक्षक म्हणतील आमची चांगली मुलं बिघडवता."

"म्हणतील."

"बाई, तुमची खात्री आहे?"

"संख्याशास्त्रात खात्री नसते, सर. पैज लावावी इतपत वाटतं."

"मग लावा," सर खुर्चीत येऊन बसले. "एक टर्म. बैठकीत मी सांभाळून घेतो. निकाल हलला नाही, तर विशेष तुकडीच्या त्या कागदावर तुम्ही सही करायची. आकड्यांसकट."

मी हो म्हटलं. बाहेर आले आणि मग आपण कशावर सही कबूल केली ते ध्यानात आलं.

मला वाटलं होतं प्रणाली खूश होईल. तिला मुद्दाम शोधून सांगितलं, तर तिने मान हलवली. "नाही मॅडम. त्यायच्यात नको. मी बोलली की ते हसतात. मागल्या वेळेस एकीने माझ्या तोंडावर नक्कल केली. आमच्या बॅचमधे येत काही नाही, पण हसत तरी कोणी नाही."

हे माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं आणि पुण्यातल्या हसण्याची मला चांगली माहिती आहे.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली, "मी पास होईन का? तुमच्या अभ्यासात काय निघालं?"

"अभ्यासात एवढंच निघालं की तुझ्यासारख्या मुलांना मिसळून बसवलं तर बरीच जण तरतात. पण तू तरशील का, ते आकडे सांगत नाहीत. ते घोळक्याबद्दल सांगतात, एकेकाबद्दल नाही."

"मग मी थांबू की जाऊ?"

शास्त्राप्रमाणे मी म्हणायला हवं होतं की हा तुझा निर्णय आहे. मी म्हणाले, "थांब." इतकं बिनपुराव्याचं विधान मी नोकरीत दुसरं केलेलं नाही. ती म्हणाली, "रिझल्टपर्यंत थांबते. बाबांले तेवढंच सांगते."

नव्या बॅचेस लागल्या आणि पहिले काही आठवडे वाईट गेले. ड्रॉइंग हॉलमध्ये डोकावले तर दूध फाटावं तशी मुलं वेगळी झालेली. खिडकीकडे पुण्याची, भिंतीकडे लांबची. एका आईने सरांना फोन केला, "माझ्या मुलीच्या बॅचमध्ये हे कोण आणून बसवलंय?" सर म्हणाले, "विद्यार्थी," आणि फोन ठेवला. त्या एका शब्दासाठी मी त्यांचे मागचे सगळे कागद माफ केले.

मदत झाली ती उपकरणांच्या टंचाईची. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ब्युरेट, म्हणजे द्रव मोजायच्या काचनळ्या, पुरेसे नव्हते, म्हणून शिक्षकांनी दोघांत एक दिला आणि जोड्या रोल नंबरवरून पाडल्या, पहिल्याबरोबर शेवटचा अशा. प्रणालीच्या वाट्याला कोथरूडची मुग्धा आली. एकाने रीडिंग घ्यायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. मुग्धाला दोन्ही करायचं होतं. पहिल्या दिवशी दोघींचं भांडण झालं, दुसऱ्या वेळी मुग्धाचं रीडिंग चुकलं आणि प्रणालीने ते चारचौघांत सांगितलं. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा मुग्धा तिला म्हणत होती, "अगं, तू हे आधी का नाही बोललीस?" आणि प्रणाली म्हणत होती, "तू बोलू देशील तेव्हा ना."

त्या दिवशी मी घरी जाताना स्कूटरवर एकटीच हसत होते. अनिकेत तोवर नव्या बॅचचा पुढारी झाला होता. कोणाकडे कुठली शीट आहे हे त्याला तोंडपाठ असे. त्याबद्दल मी कोणाला काही बोलले नाही.

परीक्षा झाली, सुट्टी लागली. निकाल लागायच्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला. त्यांनी नमस्कारही केला नाही.

"बाई, सहीला यायची गरज नाही."

"किती सुधारला?"

"सुधारला. सगळे पास झाले असं समजू नका. नापास आहेत. पण मी मघापासून यादी बघतोय, शेवटची बॅच कुठली होती ते यादीवरून ओळखता येत नाहीये."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. "येऊन चहा घेऊन जा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी गेले, पण सरांच्या केबिनपर्यंत पोचायला वेळ लागला. नोटीस बोर्डाशी गर्दी होती आणि गर्दीच्या बाहेर प्रणाली उभी होती. शेजारी एक किडकिडीत गृहस्थ, पायाशी पत्र्याची ट्रंक. ते तिचे वडील. मुलीला घेऊन जायच्या तयारीनेच आले होते. संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढली होती. वर्ध्यापर्यंत गाडी, पुढे एसटी.

"मॅडम, एक राहिला," प्रणाली म्हणाली. "मेकॅनिक्स. बाकी सगळे निघाले. मागचे पण."

वडिलांनी मला नमस्कार केला. "एक राहिला म्हणजे नापासच ना, मॅडम? पोरगी मले खोटं तर नाही सांगून राहिली? ती म्हणते नापास नाही."

"नापास नाही. दुसऱ्या वर्षात गेली. राहिलेला विषय पुन्हा देता येतो."

"दुसऱ्या वर्षात गेली," ते स्वतःशी म्हणाले. मग ट्रंकेकडे बघितलं, मग मुलीकडे. मग त्यांनी खिशातून तिकिटं काढली. "एक रद्द करतो म्हटलं तर करतील का हो? स्टेशनवर?"

"करतील," मी म्हणाले. "थोडे पैसे कापून घेतील."

"घेऊ द्या. कापू द्या किती कापायचे ते," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रणाली तिकडे बघत नव्हती. ती ट्रंक उचलून हॉस्टेलकडे निघाली होती. वडील मागून "थांब, जड आहे ते" म्हणत धावले. माझेही डोळे भरून आले आणि मी ते नोटीस बोर्डाकडे तोंड करून पुसले.

पुढे रोल नंबर पुन्हा आडनावावर गेले. सॉफ्टवेअरवाल्यांनी एवढ्यासाठी नवीन बिल लावलं, सरांनी भांडून ते कमी करून घेतलं. त्यानंतर बऱ्याच कॉलेजांनी मला बोलावलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, आमची मुलं कच्ची आहेत, का ते शोधून द्या. मी आधी विचारायची की ती कोणाशेजारी बसतात. उत्तर कोणालाच माहीत नसे, आणि माहीत करून घ्यायचं तर शनिवारी दुपारी जाऊन मागच्या बाकावर बसावं लागतं असं मी सांगत असे. बहुतेक जण म्हणत, मॅडम, शनिवारी दुपारी जरा अवघड आहे, तुम्ही प्रश्नावलीच पाठवून द्या.